इंग्लंडचे आडवाटेचे कालवे

कालवा म्हटला की आपल्यासमोर शेताला पाणी नेणारा प्रवाह उभा राहतो. धरणाच्या पायथ्याशी निघून चाऱ्या-पोटचाऱ्यांतून पिकाच्या वाफ्यात जिरणारे पाणी, हीच आपली कालव्याची कल्पना होय. इंग्लंडमधील बहुतेक कालवे मात्र निराळ्या हेतूने खोदले गेले. कोळसा, चुनखडी, लोखंड, मातीची भांडी आणि धान्य यांची वाहतूक करण्यासाठी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढील सुमारे सत्तर वर्षांत त्या देशात कालव्यांचे दाट जाळे विणले गेले. मालवाहतुकीचा तो काळ केव्हाच सरला. परंतु कालव्यांचा मोठा भाग आजही पाण्याने भरलेला आहे. इंग्लंड व वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग ज्या संस्थेकडे आहेत, तिच्या पाण्यावर तीस हजारांहून अधिक परवानाधारक नौका आहेत.

यांतील ठरावीक कालवे प्रवाशांनी गजबजलेले असतात. जुन्या कारखान्यांच्या पाठीमागून वा ओसाड खाणींच्या कडेने जाणारे अनेक जलमार्ग मात्र असे आहेत की, जेथे दिवसभरात एखादीच नौका फिरकते. तरीही काही हौशी मंडळी मुद्दाम याच आडवाटा धरतात. त्यामागे कुतूहलाबरोबर एक सार्वजनिक विचारही आहे : जो जलमार्ग वापरात नाही, तो फार काळ जलमार्ग राहत नाही. हा विचार कसा घडला आणि कायद्याशी व लोकांच्या श्रमाशी त्याचा संबंध कसा आला, हे समजून घेणे सार्वजनिक कामांशी संबंध असलेल्या प्रत्येकाला उपयुक्त ठरेल.

सात फुटांचे माप

ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या वर्स्ली येथील खाणींतील कोळसा मँचेस्टर शहरात पोहोचविण्यासाठी खोदलेला कालवा १७६१ मध्ये सुरू झाला. त्याच्या बांधणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते जेम्स ब्रिंडली हे मूळचे गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर होते. कालव्यामुळे शहरातील कोळशाचा भाव निम्म्यावर आला आणि देशभर कालवे खोदण्याची चढाओढ लागली. ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडणाऱ्या कालव्याला १७६६ मध्ये संसदेची मंजुरी मिळाली व तो १७७७ मध्ये पुरा झाला.

या कालव्याच्या वाटेत डोंगर होता. रुंद नौकेसाठी रुंद बोगदा व रुंद जलपाश बांधावे, तर खर्च आणि पाणी दोन्ही अधिक लागणार. म्हणून ब्रिंडली यांनी जलपाशांची रुंदी सुमारे सात फूट व लांबी सुमारे बहात्तर फूट ठेवली. मध्य इंग्लंडमधील पुढील अनेक कालव्यांनी हेच माप स्वीकारले आणि त्या मापात बसणारी लांबट, चिंचोळी नौका जन्माला आली. हीच ‘नॅरोबोट’ होय. तिची रुंदी जेमतेम पावणेसात फूट, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. रस्त्यावर दोन टन ओढताना दमणारा घोडा काठच्या वाटेने चालत पाण्यावरील पंचवीस-तीस टनांची नौका सहज ओढीत असे. अडीचशे वर्षांपूर्वी काटकसरीपोटी ठरलेले हे माप आजही कायम आहे. नवी पोलादी नौका बांधणाराही तेच माप पाळतो, कारण त्याहून रुंद नौकेला देशाच्या निम्म्या कालव्यांचे दार बंद होते.

जलपाशाचे काम

कालव्याचे पाणी जवळजवळ स्थिर असते. चढावर नौका नेण्यासाठी पायरीपायरीने पाणी अडवावे लागते. प्रत्येक पायरीवर दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक बांधीव हौद असतो. त्याला तिकडे ‘लॉक’ व आपल्याकडे जलपाश म्हणतात. खालून आलेली नौका हौदात शिरली की मागचे दरवाजे बंद करतात, वरच्या बाजूच्या झडपा लोखंडी हँडलने उचलतात आणि वरचे पाणी हौदात सोडतात. पाणी चढते तशी नौका चढते. दोन्ही बाजूंची पातळी समान झाली की वरचा दरवाजा लांब लाकडी तुळईला पाठ लावून माणसाच्या बळाने उघडता येतो. पातळी समान नसताना कितीही जोर केला, तरी तो हलत नाही. यात वीज वा पंप लागत नाही. सगळे काम पाण्याच्या वजनावर चालते आणि ते प्रवाशांनी स्वतः करावयाचे असते.

सात-आठ फूट चढाच्या एका अरुंद जलपाशाला प्रत्येक वेळी एक लाख लिटरहून थोडे अधिक पाणी लागते, आणि ते वरून खाली निघून जाते. म्हणून कालव्याच्या माथ्यावर जलाशय हवेत. एक नौका वर जाताच समोरची नौका त्याच भरलेल्या हौदातून खाली उतरवावी, रिकाम्या फेऱ्या टाळाव्यात, निघताना झडपा नीट बंद कराव्यात, हे तेथील अलिखित शिस्तीचे नियम आहेत. पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही शिस्त परकी वाटणार नाही.

नौकेचा वेग ताशी चार मैलांच्या आत ठेवावा लागतो. त्याहून वेग वाढला की लाटांनी काठ ढासळतात. उथळ पाण्यात तर इंजिनाचा जोर वाढविल्यास नौकेचा मागचा भाग तळाकडे ओढला जाऊन ती आणखी मंदावते. तेथे हळू गेले तरच लवकर पोहोचता येते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नौका उजवीकडे वळते, आणि वळताना ती मध्यापाशी फिरते, याचेही भान ठेवावे लागते.

नौकेवरचे संसार

रेल्वे आल्यानंतर मालवाहतुकीचे दर कोसळले. घरभाडे व मजूर या दोन्हींचा खर्च वाचविण्यासाठी अनेक नावाड्यांनी बायकामुलांसह नौकेवरच बिऱ्हाड थाटले. मागील बाजूची सुमारे दहा फूट लांब व सात फुटांहून कमी रुंद खोली हेच त्यांचे स्वयंपाकघर, शेजघर आणि माजघर. पितळी मुठी घासूनपुसून लखलखीत ठेवणे आणि दारांवर, पाण्याच्या डब्यांवर गुलाब व किल्ले रंगविणे ही या समाजाची खास लोककला ठरली. पण नौका आज येथे तर उद्या तेथे. मुलांनी शाळेत जावे कधी?

कोलव्हिल येथील जॉर्ज स्मिथ यांनी आधी विटभट्ट्यांवर राबणाऱ्या मुलांचा प्रश्न हाती घेतला होता. पुढे त्यांनी नावाड्यांच्या मुलांसाठी चळवळ केली. तिच्यातून १८७७ चा कालवा-नौका अधिनियम झाला. नौकेची नोंदणी, खोलीच्या आकारमानानुसार राहणाऱ्यांची संख्या आणि नोंदणीच्या गावी मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी, या गोष्टी त्याने ठरवून दिल्या. परंतु तपासणीची सोय पुरेशी नसल्याने कायदा कागदावरच राहिला व १८८४ मध्ये त्यात सुधारणा करावी लागली. तरीही फिरत्या मुलांचे शिक्षण पिढ्यान् पिढ्या तुटकच राहिले. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी झटणाऱ्या आपल्या शिक्षकांना या अडचणीचे स्वरूप वेगळे सांगावयास नको.

ऱ्हास आणि कायदा

अनेक कालवे रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले होते. प्रतिस्पर्ध्याच्या मार्गाची निगा राखण्यात त्यांना रस नव्हता. गाळ साचला, दरवाजे कुजले, माल कमी झाला. आणि माल नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून माल नाही, असे चक्र सुरू झाले. १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले व अरुंद नौकांच्या व्यापारी वाहतुकीचा जवळजवळ शेवट झाला.

त्यानंतरचा १९६८ चा वाहतूक अधिनियम महत्त्वाचा आहे. त्याने राष्ट्रीयीकृत जलमार्गांचे तीन वर्ग पाडले : व्यापारी, प्रवासी आणि उर्वरित. पहिल्या दोन वर्गांतील मार्ग नौकांना योग्य अशा स्थितीत राखणे हे कर्तव्य ठरले. ‘उर्वरित’ मार्गांबाबत मात्र सार्वजनिक आरोग्य व सुरक्षितता सांभाळून कमीत कमी खर्चात जे होईल ते करावे, एवढेच बंधन राहिले. म्हणजे गरज पडल्यास कालवा बुजविताही येत होता. कोणता मार्ग कोणत्या वर्गात जातो, यावर त्याचे जगणे-मरणे अवलंबून होते.

तिकिटाचा पुरावा

कालवे वाचविण्याच्या चळवळीची सुरुवात एका पुस्तकाने झाली. एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याने १९३९ मध्ये ‘क्रेसी’ नावाच्या आपल्या नौकेतून मध्य इंग्लंडमध्ये प्रवास केला. त्याचे वर्णन करणारे ‘नॅरोबोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये निघाले. ते वाचून रॉबर्ट एकमन त्यांना भेटले आणि १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. स्ट्रॅटफर्ड कालव्याच्या उत्तर भागात एक उचलता पूल मोडल्यावर त्याच्या जागी नौकेला अडथळा होईल असा ठेंगणा पूल बसविण्यात आला होता. कालव्यावर नौका नेण्याचा हक्क कायद्याने दिलेला असल्याने, १९४७ मध्ये रोल्ट यांनी आपण येत असल्याची रीतसर सूचना दिली. मालक असलेल्या रेल्वे कंपनीला ‘क्रेसी’साठी तो पूल जॅक लावून उचलावा लागला. त्यानंतर इतर नौकाही सूचना देऊन येऊ लागल्या. एखाद्या हक्काचा शांतपणे, नियमाने व वारंवार वापर करणे हाच त्याच्या रक्षणाचा मार्ग, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

त्याच कालव्याच्या दक्षिण भागाचे उदाहरण याहून बोलके आहे. सुमारे तेरा मैलांचा हा भाग जवळजवळ मृत झाला होता. एका पुलाच्या पुनर्बांधणीचा खर्च वाचावा म्हणून १९५८ मध्ये तेथील जिल्हा परिषदेने तो कायमचा बंद करण्याची परवानगी मागितली. कालवा तीन वर्षे वापरात नव्हता, हा त्यामागील आधार होता. तेव्हा पथकराचे एक तिकीट पुढे आले. त्या मुदतीत छोट्या होडीतून कालव्यावर गेलेल्या हौशी मंडळींनी ते रीतसर काढले होते. तेवढ्या एका कागदाने ‘वापर नाही’ हा मुद्दा ढासळला व परवानगी नाकारण्यात आली. १९६० मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ने हा भाग भाड्याने घेतला. डेव्हिड हचिंग्ज यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातील कैदी यांनी गाळ उपसला, जलपाश दुरुस्त केले आणि जुलै १९६४ मध्ये राजमातेच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला.

पुढे अशा श्रमदानाची परंपराच निर्माण झाली. मँचेस्टरजवळील ॲश्टन कालव्यातून १९६८ व १९७२ मध्ये शेकडो स्वयंसेवकांनी हजारो टन कचरा उपसला आणि १९७४ मध्ये तो नौकांना खुला झाला.

तीन आडवाटा

आडवाटेचा प्रवास म्हणजे काय, हे तीन उदाहरणांवरून कळेल.

पहिले बर्मिंगहॅमच्या उत्तरेचे. या औद्योगिक प्रदेशात कालव्यांची लांबी एके काळी सुमारे १६० मैल होती. आज सुमारे १०० मैल नौकागम्य आहेत. १७९७ मध्ये पुरा झालेला वायर्ली आणि एसिंग्टन कालवा भूभागाची समपातळी धरून इतका वळत जातो की, लोक त्याला ‘कर्ली वायर्ली’ म्हणजे वळणावळणाचा वायर्ली म्हणतात. वाटेत कारखाने, घरांची परसदारे, बुजलेल्या शाखांची तोंडे आणि शेवटी चेसवॉटर हा कालव्याला पाणी पुरविणारा जलाशय. येथील प्रवाशाला निसर्गशोभेपेक्षा कचऱ्याशी अधिक झगडावे लागते. पिशव्या, तारा, जुने कपडे पंख्यात गुंततात. मग इंजिन पूर्ण बंद करून मागचे झाकण उघडावे व थंड पाण्यात हात घालून ते सोडवावे लागते. तरीही १९६८ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक कालवा-मंडळाचे सभासद या भागात मुद्दाम नौका नेतात. नौका फिरत राहिल्या की मधला प्रवाहमार्ग मोकळा राहतो, अडथळे नजरेस येतात आणि त्यांची नोंद होते.

यात अतिरेकही नको. याच परिसरातील कॅनॉक एक्स्टेन्शन कालव्यात ल्यूरोनियम नाटान्स ही दुर्मीळ पाणवनस्पती वाढते. एकही नौका आली नाही, तर इतर दांडगे गवत तिला झाकून टाकते. नौकांची गर्दी झाली, तर ती उपटली जाते. थोडी वर्दळ हीच तिला मानवते.

दुसरे उदाहरण चेस्टरफील्ड कालव्याचे. ब्रिंडली यांनी आखलेला हा ४६ मैलांचा कालवा त्यांच्या मृत्यूनंतर, १७७७ मध्ये, पुरा झाला. लंडनच्या संसदभवनासाठी ॲन्स्टन येथील खाणीचा दगड १८४० च्या दशकात याच मार्गाने निघाला. १९०७ मध्ये नॉर्वुडचा दीड मैलाहून लांब बोगदा ढासळला व कालव्याचे दोन तुकडे झाले. स्वयंसेवी संस्था व स्थानिक शासन यांच्या प्रयत्नांनी त्याचा मोठा भाग पुन्हा नौकागम्य झाला. २००३ मध्ये पूर्वेकडून किव्हटन पार्कपर्यंत नौका जाऊ लागल्या. येथे पोहोचावयाचे तर वेस्ट स्टॉकविथजवळ ट्रेंट नदीच्या भरती-ओहोटीच्या पाण्यातून यावे लागते. भरतीची वेळ पाहून, जलपाश-रक्षकाला आगाऊ कळवून आणि नांगर तयार ठेवूनच नौका सोडावी लागते. खाडीत मचवा हाकणाऱ्या आपल्या तांडेलाला हे हिशोब उपजतच ठाऊक असतात. शांत कालव्यात रुळलेल्या नावाड्याची मात्र येथे परीक्षा होते.

तिसरे उदाहरण हडर्सफील्डच्या अरुंद कालव्याचे. सुमारे वीस मैलांत ७४ जलपाश आणि माथ्यावर स्टॅन्डेज येथील सव्वातीन मैलांचा बोगदा, अशी त्याची रचना आहे. १७९४ मध्ये सुरू झालेला हा बोगदा १८११ मध्ये पुरा झाला. त्यात घोड्यासाठी वाट नाही. म्हणून घोडा डोंगरावरून नेत आणि माणसे नौकेवर आडवी पडून, भिंतींना पाय लावून, अंधारात नौका पुढे रेटीत. १९४४ मध्ये कालवा अधिकृतपणे सोडून देण्यात आला. जलपाश बुजले, पात्रावर इमारती उठल्या. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक संस्थेने तो पुन्हा सुरू करण्याचा ध्यास घेतला तेव्हा अनेकांना ते अशक्य वाटले होते. सत्तावीस वर्षांनी, २००१ मध्ये, तो खुला झाला. आजही बोगद्यातून जाण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते आणि माहीतगार माणूस बरोबर असतो.

लिचफील्डजवळील एक बाब येथे नोंदविण्याजोगी आहे. १९५४ मध्ये बंद झालेला कालव्याचा एक भाग पुन्हा खोदावयाचा आहे. २००३ मध्ये त्या वाटेवर नवा महामार्ग झाला, तेव्हा पुढे अडचण नको म्हणून पुनरुज्जीवन संस्थेने रस्त्यावरून जाणारा जलसेतू तेव्हाच बसवून घेतला. कालवा त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेला नाही. विकासकामात भविष्यातील वाट मोकळी ठेवणे म्हणजे काय, याचे हे दृश्य उदाहरण होय.

पाणी आणि पैसा

जुलै २०१२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील शासकीय जलमार्ग ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय न्यासाकडे सोपविण्यात आले. परवाना शुल्क, मालमत्तेचे उत्पन्न, देणग्या आणि शासकीय अनुदान यांवर न्यासाचा कारभार चालतो. २०२७ पासूनच्या दहा वर्षांसाठी सुमारे ४० कोटी पौंडांचे अनुदान शासनाने २०२३ मध्ये जाहीर केले. महागाई जमेस धरता ते आधीच्यापेक्षा बरेच कमी भरते.

दुरुस्ती लांबणीवर टाकण्यात धोका किती असतो, हे ऑगस्ट २०१९ मध्ये दिसले. मुसळधार पावसात टॉडब्रुक या कालव्याच्या जलाशयाचा सांडवा खचला आणि खालच्या व्हेली ब्रिज गावातील सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली. हेलिकॉप्टरने खडीच्या पिशव्या टाकून धरण सावरण्यात आले. १ जानेवारी २०२५ रोजी अतिवृष्टीमुळे खुद्द ब्रिजवॉटर कालव्याचा भराव फुटला. म्हणजे पहिला मान मिळविलेला कालवाही निगराणीतून सुटत नाही. न्यासाकडील सत्तरहून अधिक जलाशय, शेकडो मैलांचे भराव व बोगदे यांची देखभाल नौका मोजक्या असल्या तरी टळत नाही. पाणी भरलेला बांध प्रवासी मोजून फुटत नाही.

आपल्यासाठी बोध

आपले कालवे सिंचनाचे आहेत. त्यांत नौका चालविणे हा त्यांचा हेतू नाही, आणि तशी तुलना करणे योग्यही नाही. परंतु शेवटच्या टोकाला पाणी न पोहोचणारी चारी कशी मरते, हे आपण जाणतो. टोकाच्या शेतकऱ्याने पाण्याची मागणी नोंदविणे सोडले की चारी झुडपांनी भरते, मग अतिक्रमण होते आणि अखेर ती नकाशातच उरते. लाभधारकांच्या पाणीवापर संस्थांना व्यवस्थापनात अधिकृत स्थान देणारा ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ आपल्याकडे आहे. त्याचे बळ संस्थांच्या नियमित कामकाजात आणि नोंदींत आहे.

जलमार्गांच्या बाबतीतही आपण अपरिचित नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातील १११ जलमार्ग घोषित केले. त्यांत बाणकोट, दाभोळ, जयगड, राजपुरी, रेवदंडा या कोकणातील खाड्या आणि गोव्यातील मांडवी, जुवारी व त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांचा समावेश आहे. घोषणेने मार्गाला नाव मिळते. त्याला जीवन मिळते ते धक्का, गाळउपसा, वेळापत्रक आणि प्रवासी यांनी. ज्या खाडीकाठच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत जुने धक्के, बंदरे व तरीच्या जागा आहेत, त्यांनी त्यांच्या नोंदी अद्ययावत ठेवणे आणि तेथील वाटा बुजू न देणे हे सहज करता येण्याजोगे काम आहे. शाळांना त्यांतून स्थानिक इतिहासाचा उत्तम उपक्रम मिळेल.

इंग्लंडमधील एक कालवा पथकराच्या एका तिकिटामुळे वाचला. ते काढणाऱ्यांनी त्या दिवशी इतकेच केले की, जो मार्ग सर्वांचा होता त्यावरून ते गेले, ठरलेला कर भरला आणि पावती घेतली. सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणाला मोठ्या निधीची व मोठ्या योजनांची गरज असतेच. पण तिची पहिली पायरी ही एवढी साधी, आणि प्रत्येक नागरिकाच्या आवाक्यातील आहे.